प्रसाद, रक्ती आणि अर्धं वचन

प्रश्न बीड जिल्ह्यातल्या एका तरुणाचा आहे. त्याचा कॉलेजातला ख्रिस्ती मित्र घरी आला होता. आईने सत्यनारायणाचा प्रसाद पुढे केला, तर मित्र हात जोडून नको म्हणाला. मूर्तीला वाहिलेलं खाऊ नये असं बायबलात लिहिलंय, हे त्याचं कारण. हा तरुण रुसून बसला नाही. त्याने बायबल मिळवलं आणि ते वचन शोधून काढलं: प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५, वचन २९. तिथे मूर्तीला वाहिलेल्या पदार्थांच्या बरोबरीने रक्त आणि गळा दाबून मारलेलं जनावरही वर्ज्य सांगितलेलं आहे. आणि हा मित्र तर खाटकाकडून बकऱ्याचं रक्त आणून केलेली रक्ती भाकरीबरोबर आवडीने खातो. तेव्हा त्याचा प्रश्न असा, की तुम्ही ख्रिस्ती लोक बायबलातलं सोयीचं तेवढंच वाचता का?

लातूर, धाराशिव आणि बीडच्या मंडळ्यांमधून मी तीस वर्षांहून जास्त काळ चर्चचा पाळक म्हणून बायबल शिकवलं आहे. उत्तर आधी सांगतो, मग कारणं. हो, आम्ही निवडून वाचतो. कॅथलिक, प्रोटेस्टंट, पेंटेकॉस्टल, सगळेच. 'मी संपूर्ण शास्त्र अक्षरशः पाळतो' असं मंचावरून सांगणाऱ्या माणसाने ते संपूर्ण वाचलेलं नसतं, किंवा वाचलेलं त्याला आठवत नसतं. पण निवडणं म्हणजे लबाडीच, असं मी मानत नाही. कीर्तनकार निरूपणाला एक अभंग घेतो, अख्खी गाथा घेत नाही, आणि त्यावरून कोणी त्याला खोटा म्हणत नाही. अभंग कोणता घेतला, कोणापुढे घेतला आणि कशासाठी घेतला, हे मात्र ऐकणाऱ्याने जरूर पाहावं. बायबलाच्या बाबतीतही मी तेच पाहतो.

आता त्या वचनाकडे येऊ. इसवी सन ४९-५०च्या सुमारास यरुशलेममध्ये येशूच्या शिष्यांची सभा भरली. जन्माने यहुदी नसलेले अनेक लोक विश्वास ठेवू लागले होते. त्यांची सुंता करायची का, मोशेचं सगळं नियमशास्त्र त्यांच्यावर लादायचं का, हा वाद होता. बराच खल होऊन ठरलं, की लादायचं नाही. फक्त चार गोष्टींपासून दूर राहा: मूर्तीला वाहिलेलं, रक्त, गळा दाबून मारलेलं आणि जारकर्म. यातल्या खाण्याच्या तीन गोष्टी कशासाठी आल्या, हे समजायला पंगत म्हणजे काय ते ठाऊक असावं लागतं, आणि ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. यहुदी माणूस रक्ताला शिवत नसे. मोशेच्या नियमांचं लेवीय नावाचं पुस्तक बायबलात आहे, त्याच्या १७व्या अध्यायात त्याची सक्त मनाई आहे. यहुदी आणि बिगरयहुदी विश्वासू एका ताटाला बसायचे, तर जेवणात असं काही नसावं की ज्याने एकाला उठून जावं लागेल. पंगत मोडू नये यासाठी केलेली ती तडजोड होती, असं माझं वाचन आहे.

पुढे काळ बदलला, मंडळ्यांमध्ये यहुदी फारसे उरले नाहीत. इसवी सन ४००च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या बिशप ऑगस्टिनने लिहून ठेवलंय, की गळा दाबून मारलेल्याचा नियम आता आमच्याकडे कोणी पाळत नाही. पूर्वेकडच्या मंडळ्यांनी मात्र ६९२मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत रक्त खाण्यावर पुन्हा बंदी घातली. १४४२मध्ये कॅथलिकांच्या फ्लॉरेन्सच्या परिषदेने सांगितलं, की ती आज्ञा त्या काळापुरती होती आणि तिचं कारण संपल्यावर तीही संपली. उलट यहोवाचे साक्षीदार या पंथाचे लोक १९४५पासून याच वचनाच्या आधारावर रक्त चढवून घ्यायलाही नकार देतात. एका वचनावर इतके वेगवेगळे निर्णय झाले, आणि प्रत्येकाला काही ना काही कारण होतं.

म्हणजे तुमच्या मित्राच्या रक्तीमागे सोळाशे वर्षांचा विचार आहे. पण त्याला तो कोणी सांगितलेला नाही. त्याच्या हातात फक्त अर्धं वचन दिलं गेलं, प्रसादाचं. उरलेल्या अर्ध्यावर आम्ही कधी बोललोच नाही, कारण रक्ती न खाल्ल्याने ख्रिस्ती माणूस गावात वेगळा दिसत नाही आणि प्रसाद न घेतल्याने दिसतो. ही चूक त्या पोराची कमी आणि आम्हा शिकवणाऱ्यांची जास्त.

प्रसादाविषयीही नव्या करारात, म्हणजे बायबलाच्या येशूपासून पुढच्या भागात, एकच आवाज नाही. करिंथ शहरात बाजारात येणारं बरंचसं मांस देवळांतून आलेलं असे. प्रेषित पौल तिथल्या लोकांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात सांगतो, की मूर्ती म्हणजे काहीच नव्हे, तेव्हा खाल्ल्याने किंवा न खाल्ल्याने देवाजवळ कमीजास्त होत नाही. पण तुझ्या खाण्याने दुबळ्या मनाच्या भावाला ठेच लागत असेल, तर खाऊ नको. दहाव्या अध्यायात तो एकीकडे ठणकावतो, की प्रभूच्या मेजावर आणि भुतांच्या मेजावर दोन्हीकडे बसता येणार नाही. लगेच पुढे म्हणतो, बाजारात जे विकतं ते चौकशी न करता खा, कोणी जेवायला बोलावलं तर पुढे येईल ते खा. मात्र 'हे देवाला वाहिलेलं आहे' असं कोणी मुद्दाम सांगितलं, तर सांगणाऱ्याच्या मनाचा विचार करून खाऊ नका. आणि बायबलाच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, पर्गम आणि थुवतीरा इथल्या मंडळ्यांना याच खाण्यावरून कडक शब्दांत झापलेलं आहे. 'बायबल म्हणतं खाऊ नका' असं सांगणारा निवडतो, 'बायबल म्हणतं चालतं' असं सांगणाराही निवडतो.

मी काय करतो तेही सांगतो. पोळ्याला शेजारच्या घरून पुरणपोळीचं ताट येतं, तेव्हा आधी नैवेद्य दाखवला होता का, असं मी विचारत नाही. पौलच विचारू नका म्हणतो. पण देवापुढून उचलून 'हा प्रसाद' म्हणून कोणी हातावर ठेवू लागलं, तर मी नम्रपणे नको म्हणतो. तो घेणं म्हणजे त्या पूजेत सामील होणं, असं देणाऱ्याच्याही मनात असतं आणि माझ्याही. ज्या पूजेवर माझी श्रद्धा नाही तिच्यात श्रद्धा असल्यासारखं वागलो, तर त्याने त्या पूजेचाही मान राखला जात नाही. माझे काही सहकारी हातावर घेतात आणि आठव्या अध्यायावर बोट ठेवतात. त्यांना मी कमी विश्वासू समजत नाही.

हे झालं खाण्यापिण्याचं. ज्याला आमची निवड एकाच पानावर बघायची असेल, त्याने लेवीयाचा १९वा अध्याय काढावा. इतक्या वर्षांत मी तो जितक्यांदा शिकवला तितका दुसरा कुठला अध्याय शिकवला नसेन. १८व्या वचनात आहे, की तू आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर. येशूने ज्या दोन आज्ञांवर सगळं शास्त्र टांगलेलं आहे असं म्हटलं, त्यातली ही एक. आणि अगदी पुढच्याच, १९व्या वचनात आहे, की शेतात दोन जातींचं बी पेरू नको, दोन जातींच्या सुतांचं कापड अंगावर घालू नको. आमच्या मंडळीतला प्रत्येक शेतकरी सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी घालतो. कपाशीतही घालतो. सोयाबीन पावसाने गेलं तरी तूर हाताला लागावी, हा त्यामागचा हिशेब. त्याला जाऊन 'तू पाप करतोस' असं सांगणारा एकही पाळक मी आजवर पाहिलेला नाही, आणि तसं सांगूही नये.

पण मग १८वं पाळायचं आणि १९वं सोडायचं, हे कशावरून? तेराव्या शतकात थॉमस अक्विनास या ख्रिस्ती धर्मपंडिताने नियमांचे तीन भाग पाडले: नीतीचे, विधींचे आणि न्यायव्यवहाराचे. प्रोटेस्टंटांच्या १६४७च्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रातही तीच विभागणी आहे, आणि आमच्याकडे पाळक घडवणाऱ्या सेमिनरीत तीच शिकवतात. नीतीचे नियम कायमचे, विधींचे नियम ख्रिस्तात पूर्ण झाले, न्यायव्यवहाराचे नियम त्या राष्ट्रापुरते. विभागणी उपयोगाची आहे, मीही ती शिकवली. फक्त एक गोष्ट विद्यार्थ्यांपासून कधी लपवली नाही: लेवीयाच्या मजकुरात अशा खुणा केलेल्या नाहीत. १८व्यावर 'नीती' आणि १९व्यावर 'विधी' अशी चिठ्ठी मागाहून वाचणाऱ्यांनी लावली. चिठ्ठी लावणारा हात माणसाचाच असतो, आणि त्या हाताला आपला फायदा कळतो. म्हणून तो कुठे थरथरतो आणि कुठे नाही, हे पाहायला लागतं.

याच अध्यायातलं २८वं वचन म्हणतं, अंगावर गोंदवून घेऊ नका. आमच्या एका मंडळीत एक म्हातारी होती. दोन्ही हातांवर, कपाळावर, हनुवटीवर गोंदण, लहानपणी गोंदणारणीने काढलेलं. आपल्याकडे त्या पिढीतल्या बायांना गोंदणाशिवाय अंग उघडं वाटायचं. मेल्यावर सोबत येतो तो दागिना एवढाच, असं त्या म्हणत. एकदा बाहेरगावचा एक प्रचारक प्रार्थनेला आला. त्याने तिच्या हाताकडे बोट करून हे वचन वाचलं आणि 'हा शाप अंगावर घेऊन फिरतेस' असं सगळ्यांदेखत सांगितलं. त्यानंतर कित्येक महिने ती प्रभुभोजनाला आली, की पदर मनगटापर्यंत ओढून, कापडाच्या आडून भाकर घ्यायची. कारण मला उशिरा कळलं. कळलं त्या रविवारी मी तोच अध्याय उपासनेत पूर्ण वाचला. २८व्या वचनाच्या चार वचनं खाली आहे, की पिकल्या केसांपुढे उठून उभा राहा, वृद्धाचा मान राख. त्या प्रार्थनेच्या दिवशी तो प्रचारक खुर्चीवर बसलेला होता आणि म्हातारी त्याच्यापुढे उभी होती. त्या माणसाने २८वं वाचलं आणि ३२वं वाचलं नाही.

हाच अध्याय आणखी काय म्हणतो ते पाहा. शेताच्या कडेचं पीक पुरतं कापू नको, सरवा वेचू नको, गरिबासाठी आणि परक्यासाठी तो राहू दे. मजुराची मजुरी तुझ्याकडे रात्रभर राहू देऊ नको. तुमच्यात येऊन राहिलेल्या परक्याला गावकऱ्यासारखाच समजा. आणि शेवटी वजन-मापाविषयी: तुमचा काटा खरा असू द्या. हे ऐकताना आमच्या भागातल्या माणसाला दुसऱ्या कोणाच्या देशाची गोष्ट वाटायचं कारणच नाही. भुईमूग निघाल्यावर मागे सरवा वेचणाऱ्या बाया आम्ही पाहिल्यात, आणि त्यांना हाकलणारे मालकही. काटा मारणं म्हणजे काय, हे ऊस आणि कापूस घालणाऱ्याला विचारायला नको. बीडमधून दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला कोयते निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली असते, ती फिटता फिटत नाही, आणि हंगाम संपला तरी हिशेब मुकादमाच्या वहीत अडकून राहतो. 'मजुरी रात्रभर ठेवू नको' हे वचन याच माणसांसाठी लिहिलंय असं वाटतं. याकोबाच्या पत्रात तर कापणी करणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आहे आणि तो ओरडा देवाच्या कानी गेला आहे.

उपकारस्तुतीच्या सणाला आमच्याकडे वेदीपुढे ज्वारीची कणसं, तुरीच्या शेंगा, भोपळे, कोंबड्या येतात, आणि सगळ्यांचा लिलाव होतो. देखणा सण आहे, मला फार आवडतो. त्या दिवशी कोणतं वचन वाचलं जातं? बहुतेक ठिकाणी मलाखीचा तिसरा अध्याय: सगळा दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, भांडारात आणा. खरं वचन आहे. पण अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या १४व्या अध्यायात याच दशमांशाविषयी लिहिलंय, की दर तिसऱ्या वर्षी तो गावातच ठेवायचा आणि देवाची सेवा करणारा लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खायचं. हे वचन सणाला वाचलेलं मी इतरत्र क्वचितच ऐकलं. मी स्वतः पाळक म्हणून पहिली दहा वर्षं वाचलं नव्हतं. दशमांशातून पाळकाचा पगार निघतो. माझी ती निवड माझ्या सोयीची होती, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. सांगितलं नाही तर मित्राच्या रक्तीवर बोलायचा मला अधिकार राहत नाही.

कधीकधी निवडलेलं वचन जखमेवर घाव घालतं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं झोपेत गाडली गेली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती विसर्जन झालेलं. मी तेव्हा नुकताच सेवेत आलो होतो. मदतीचं सामान घेऊन गेलेल्या लोकांत मीही होतो. मातीचे धाब्याचे वाडे, दगडांच्या रुंद भिंती, आणि त्याखाली माणसं. तिथे एकाला मी बायबल उघडून सांगताना ऐकलं, की हा मूर्तिपूजेचा दंड आहे. आमोस या संदेष्ट्याचं वचन त्याच्या तोंडी होतं: परमेश्वराने केल्यावाचून नगरावर संकट येतं काय? वचन बायबलात आहे. पण लूकाच्या १३व्या अध्यायात येशूपुढे असाच प्रश्न आला होता. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, ती यरुशलेममधल्या इतरांपेक्षा जास्त पापी होती का? येशू म्हणाला, नाही. तुम्ही स्वतः पश्चात्ताप करा. कोसळलेल्या भिंतीवरून मेलेल्याचं पाप मोजायला त्याने साफ मनाई केली आणि बोट ऐकणाऱ्यांकडे वळवलं. किल्लारीत हे वचन ज्याला आठवलं नाही, त्याचं बायबल पाठ असून काय उपयोग झाला? त्या दिवशी मला राग आला होता, आणि बत्तीस-तेहतीस वर्षांनी आजही तो राग गेलेला नाही. माझ्या शेजारी एक बाप ढिगाऱ्यातून हाताने दगड उपसत होता. त्याला त्या वेळी पहार हवी होती.

उघड अप्रामाणिक निवड कशी असते, याचा एक छापील पुरावाही आहे. १८०७मध्ये लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या मळ्यांवरच्या गुलामांसाठी बायबलाची खास आवृत्ती काढली गेली. बायबलात एकूण १,१८९ अध्याय आहेत. त्यात जेमतेम २३२ ठेवले. इजिप्तमधून गुलामांची सुटका झाली ती निर्गमाची कथा काढून टाकली. गलतीकरांसच्या पत्रातलं 'दास नाही, स्वतंत्र नाही, तुम्ही सर्व एकच आहा' हे वचन काढलं. 'दासांनो, आपल्या धन्यांच्या आज्ञेत राहा' हे इफिसकरांसच्या पत्रातलं वचन ठेवलं. इथे तर छपाईआधीच कात्री चालवलेली. आमच्याकडे अशी कात्री कोणी चालवली नाही. पण त्याच गलतीकरांसच्या वचनावर प्रवचन देऊन झाल्यावर चर्चच्या आवारात मुलामुलींची स्थळं बघताना हळूच पूर्वीची जात विचारली जाते, तेव्हा ते वचन छापलेलं असूनही कापलेलंच असतं. हे आपल्या मंडळ्यांतलं जुनं दुखणं आहे, आणि ज्यांचे आजे-पणजे त्या जातींच्या जाचातूनच बाहेर पडले, त्यांच्यात ते दिसलं की जास्त लागतं.

मग चांगली निवड आणि वाईट निवड ओळखायची कशी? मला याचं उत्तर लूकाच्या चौथ्या अध्यायात सापडलं, आणि ते माझ्या डोळ्यांपुढे वर्षानुवर्षं असून दिसलं नव्हतं. या एका अध्यायात शास्त्रातून निवडून वाचणारे दोघं आहेत. पहिला सैतान. मंदिराच्या टोकावर येशूला उभा करून तो ९१वं स्तोत्र म्हणतो: देव आपल्या दूतांना तुझ्याविषयी आज्ञा देईल, ते तुला हातांवर झेलतील. स्तोत्रात आहे 'तुझ्या सर्व मार्गांत'. सैतान तेवढे शब्द वगळतो. दुसरा येशू. नासरेथच्या सभास्थानात तो यशयाचं पुस्तक उघडून ६१वा अध्याय वाचतो: दीनांना सुवार्ता, धरून नेलेल्यांची सुटका, परमेश्वराच्या कृपेचं वर्ष. आणि तिथेच, वाक्य अर्धं सोडून, पुस्तक गुंडाळून सेवकाच्या हाती देतो. पुढचे शब्द होते 'आमच्या देवाचा सूड घेण्याचा दिवस'. येशूने ते वाचलेच नाहीत.

म्हणजे वगळलं दोघांनीही. फरक त्यापुढे काय झालं त्यात आहे. सैतानाने वगळलं ते समोरच्याला खाली पाडण्यासाठी. येशूने सूड वगळला, आणि वर आपल्याच गावच्या लोकांना आठवण करून दिली, की दुष्काळात एलीया संदेष्टा इस्राएलातल्या विधवांकडे गेला नाही, सारफथच्या परक्या विधवेकडे गेला. आणि अलीशाने इस्राएलातल्या कुष्ठरोग्यांना नव्हे, तर अरामच्या नामानाला शुद्ध केलं. ते ऐकून त्याच गावकऱ्यांनी त्याला कड्यावरून ढकलायला नेलं. त्याची निवड त्याच्या स्वतःच्या माणसांना टोचली आणि बाहेरच्याला आत घेऊन आली. तेव्हापासून कोणतंही वचन मंचावरून वाचण्याआधी मी स्वतःला विचारतो: हे कोणाला लागणार आहे? मला लागणार असेल तर बिनधास्त वाचतो. समोरच्या एखाद्या दुबळ्याला लागणार असेल, तर अख्खा अध्याय पुन्हा काढून बसतो.

हे मला उशिरा सुचलं, आणि त्याची किंमत दुसऱ्या कोणी मोजली. पंचवीसएक वर्षांपूर्वी एक तरुण बाई तान्हं मूल घेऊन पाळकनिवासात आली. हात सुजलेला होता. नवरा दारू पिऊन मारायचा. मी तिला इफिसकरांसचं 'स्त्रियांनो, पतीच्या अधीन असा' वाचून दाखवलं, मलाखीचं 'मला सूटपत्राचा तिटकारा आहे' वाचून दाखवलं, प्रार्थना केली आणि दोन वडिलधाऱ्यांबरोबर तिला सासरी परत पाठवलं. आठ महिन्यांनी ती माहेरी आली ती हात मोडून. तिचा बाप माझ्याकडे आला. भांडला नाही. एवढंच म्हणाला, 'पाळकसाहेब, वचन तेवढंच होतं का?'

त्या रात्री मी बायबल उघडलं. मलाखीच्या दुसऱ्या अध्यायाच्या १६व्या वचनाचं दुसरं अर्ध: जो आपलं वस्त्र जुलमाने झाकतो, त्याचाही देवाला तिटकारा आहे. मूळ इब्री वाक्य अवघड आहे, भाषांतरं वेगवेगळी होतात, पण जुलमाचा शब्द सगळ्यांत आहे. आणि त्याच्या आधीची वचनं कोणाला उद्देशून आहेत? आपल्या तारुण्यातल्या बायकोशी बेइमानी करणाऱ्या पुरुषांना. ज्या वचनाने नवऱ्याला जाब विचारायचा, तेच मी बायकोच्या पाठीवर ठेवलं होतं. इफिसकरांसमध्येही तसंच. 'स्त्रियांनो'च्या आधी 'एकमेकांच्या अधीन असा' आहे, आणि पुढे नवऱ्यांना सांगितलेलं आहे ते कितीतरी मोठं आहे: ख्रिस्ताने मंडळीसाठी जीव दिला तशी प्रीती करा, स्वतःच्या शरीरावर करता तशी करा. ते मी वाचलं नाही. तो नवरा त्या दिवशी समोर बसलेला नव्हता, ती होती.

मी तिच्या बापाची आणि तिची माफी मागितली. दोघांनी केली. ती परत गेली नाही. शिवणकाम शिकली, मुलाला शिकवलं. १८६९च्या घटस्फोटाच्या कायद्यात मुळात ख्रिस्ती बाईला नुसत्या छळावर सुटका मिळत नव्हती, व्यभिचारही सिद्ध करावा लागायचा. २००१च्या दुरुस्तीने तो भेद गेला. कायदा बदलायला १३२ वर्षं लागली. मलाखीचा तो अध्याय तेवढा सगळा काळ आमच्या घरात उघडाच होता.

म्हणून तुमच्या प्रश्नाला 'छे, आम्ही सगळं पाळतो' असं उत्तर मी देणार नाही आणि 'सगळेच धर्म असंच करतात' असंही नाही. ३१ डिसेंबरच्या रात्री आमच्याकडे नव्या वर्षाच्या वचनांच्या चिठ्ठ्या काढतात. त्यात यिर्मयाच्या २९व्या अध्यायाचं ११वं वचन हमखास असतं: माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. ते पत्र बाबेलला कैद करून नेलेल्या लोकांना लिहिलेलं आहे आणि त्याच्या आदल्याच वचनात सत्तर वर्षं थांबावं लागेल असं सांगितलंय, हे चिठ्ठीत मावत नाही. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं, त्या दिवसांत आम्ही ते पत्र पूर्ण वाचलं. घरं बांधा, बागा लावा, ज्या नगरात तुम्हाला नेलंय त्या नगराच्या हितासाठी प्रार्थना करा. हंडे घेऊन टँकरच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या लोकांना ११व्यापेक्षा ही पाचवी ते सातवी वचनंच जास्त भावली, असं त्यांनी मला सांगितलं. तेव्हापासून आमच्या मंडळीत चिठ्ठीवर वचनाखाली अध्यायाचा आकडा ठळक लिहितात आणि जानेवारीत घरोघरी तो अध्याय पूर्ण वाचला का, हे पाळक विचारतो.

तुमच्या मित्राला पहिल्या करिंथकरांसचे ८, ९ आणि १० हे तीन अध्याय एका बैठकीत वाचायला सांगा. जमलं तर तुम्ही दोघं मिळून वाचा. वीस मिनिटं पुरतात. नववा वगळू नका. तो प्रसादाविषयी नाही, आपला हक्क सोडून देण्याविषयी आहे, आणि पौलाने तो मुद्दामच मध्ये घातला असावा. वाचून झाल्यावरही तो प्रसाद नको म्हणेल, असं मला वाटतं. मग त्याला कारण विचारा. या खेपेला तो वचनाचा नुसता आकडा सांगणार नाही. आणि तुमच्या आईला सांगा, की पुढच्या वेळी तो आला, की देवापुढे न ठेवलेला शिरा त्याच्यासाठी वेगळा काढून ठेवायची गरज नाही. चुलीवरून उतरलेलं गरम ताट त्याच्यापुढे ठेवावं. तो पोटभर जेवेल.